मरीन टँकच्या कॅनोपीची बिजागरी दर चार-सहा महिन्यांनी गंजते, त्यावर शेवटी काय केलं

झाकणाच्या आतल्या बाजूला बिजागरीखाली तांबूस ओघळ दिसला की माझ्या पोटात गोळाच येतो, कारण ह्या एका गोष्टीपायी साडेतीन वर्षांत मी तीनदा अख्खी कॅनोपी, म्हणजे माशांच्या टँकवरचं झाकणासकट लाकडी खोकं, खाली उतरवून परत बसवलीय. दर वेळी सेम स्टोरी. नवीन बिजागरी, नवीन स्क्रू, दोन महिने एकदम चकाचक, मग झाकण उघडताना कर्रर्र आवाज, मग स्क्रूच्या डोक्याभोवती चहाचा डाग पडल्यासारखी रिंग, आणि एक दिवस स्क्रू फिरवायला जावं तर डोकं हातात आणि बाकीचा प्लायमध्येच. तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढचं सगळं वाचा, जरा लांब आहे पण मी जे पैसे घातले ते तुमचे तरी वाचतील.

आधी सेटअप सांगते. टँक चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे कागदावर साधारण ४५० लिटर, खाऱ्या पाण्याचा, कोरल आहेत, दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर श्रिंप, गोगलगाई वगैरे. सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, ३५ पीपीटी. कॅनोपी घरीच केलेली, १२ एमएमचा मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला, बाहेरून सनमायका आणि आतून पांढरा पेंट. आता हा मरीन शब्द फार फसवा आहे, त्याचा अर्थ एवढाच की प्लायचे थर चिकटवलेला गोंद उकळत्या पाण्यातसुद्धा सुटत नाही, त्यात तुम्ही जो स्क्रू मारणार त्याची कसलीही गॅरंटी त्यात नाही. मला पहिल्यांदा वाटलेलं की मरीन प्लाय आणला म्हणजे अर्धं काम झालं.

पहिल्यांदा सुतारकाकांनी किचनच्या कपाटाला लागतात त्या ऑटो हिंज लावून दिल्या. दिसायला मस्त, आपोआप बंद होतात, पण आत स्प्रिंग, रिव्हेट, चार-पाच पट्ट्या एकमेकींवर, आणि सगळं साधं लोखंड वर निकेलचा मुलामा. चार महिने टिकल्या. मग मी जे सगळे करतात तेच केलं, पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साईड आणि वर इनॅमल पेंट मारला. बिजागरी ही हलणारी वस्तू, जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर फिरतात तिथला पेंट पहिल्याच आठवड्यात निघतो, आणि तेवढ्या फटीतून मीठ आत गेलं की पेंटच्या खालून गंज पसरत जातो आणि वरून मात्र सगळं छान दिसत राहतं. पावडर कोटिंगचंही तेच, एक ओरखडा पुरतो. त्यामुळे रंगवून बघू हा विचार डोक्यात असेल तर सोडून द्या.

दुसऱ्या वेळी मी पितळ आणलं, आणि ही चूक सगळ्यात महाग पडली म्हणून ती नीट सांगते. लोक म्हणतात पितळ गंजत नाही, आणि बरोबरच आहे, लोखंडासारखा लाल गंज त्याला येत नाही. पण माझी आजी कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कधी ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणायची. कळकतं म्हणजे तांबं सुटून त्यात उतरतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, साधारण साठ-चाळीस किंवा सत्तर-तीस, आणि खारं पाणी हे दोन्ही हळूहळू ओढून काढतं. तीनेक महिन्यांत बिजागरीवर हिरवट निळा थर आला, मला तो गंज वाटलाच नाही, जुन्या समईवर येतो तसा काहीतरी वाटला. झाकण आतून ओलं असायचं, थेंब त्याच थरावरून घरंगळत थेट पाण्यात. मग गोगलगाई काचेवरून गळून पडायला लागल्या, कोरल उघडेनात, आणि श्रिंप गेला. मासे मात्र ठणठणीत. हाच इशारा असतो, मासे ठीक आणि बिनकण्याचे सगळे आजारी, तर आधी तांब्याची टेस्ट करा.

आकडा ऐका म्हणजे अंदाज येईल. माशांच्या रोगावर क्वारंटाइन टँकमध्ये तांब्याचं औषध देतात ना, ते साध्या प्रकारचं असेल तर लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम एवढंच असतं, आणि तेवढ्यात श्रिंप, गोगलगाय, कोरल जगत नाहीत म्हणूनच ते मेन टँकमध्ये कधी टाकत नाहीत. माझ्या ४५० लिटरला हिशोब केला तर होतात फार तर ९० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षाही कमी. आणि एका मध्यम बिजागरीत तांबंच कितीतरी ग्रॅम असतं. त्याहून वाईट म्हणजे ते तांबं लाईव्ह रॉक (टँकमधले जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड) आणि वाळूत जाऊन बसतं आणि नंतर हळूहळू परत पाण्यात येत राहतं, म्हणजे बिजागरी काढली की लगेच प्रश्न संपला असं होत नाही. मी बिजागऱ्या त्याच रात्री काढल्या, पाणी बदललं, कार्बन आणि तांबं ओढणारा क्युप्रीसॉर्ब ठेवला, आणि तरी टेस्ट शून्य यायला बरेच आठवडे गेले. म्हणून टँकच्या वर पितळ, तांबं, ब्राँझ काहीही नको, शोभेची मूठसुद्धा नको. क्रोम केलेल्या चकचकीत मुठींपासूनही लांब राहा, त्यात बहुतेक वेळा जस्ताचं ओतीव काम असतं आणि क्रोमच्या खाली निकेल आणि त्याच्या खाली तांब्याचा थर असतो. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा, तोही पाण्यात उतरतो, तोही नको.

तिसऱ्यांदा स्टेनलेस. इथे दुकानात जो संवाद झाला तो तुम्हीही ऐकला असेल, मी विचारलं कुठला ग्रेड, तर उत्तर आलं, "ताई, एसएस आहे, गंजायचा प्रश्नच नाही." सहा महिन्यांत गंजला. तेव्हा कळलं की एसएस हे आडनाव आहे, नाव विचारायला पाहिजे. आपल्याकडे स्वस्त हार्डवेअरमध्ये २०२ खूप चालतं, त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, घरातल्या पडद्याच्या रॉडला ठीक आहे, मिठाजवळ अजिबात टिकत नाही. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम ८ टक्के निकेल, आपली चांगली भांडी ह्याचीच. आणि ३१६ मध्ये ह्या दोघांच्या जोडीला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठातल्या क्लोराईडशी टक्कर द्यायला नेमकं तेच कामाचं. स्टेनलेस गंजत नाही कारण त्याच्यावर क्रोमियम ऑक्साईडचा एकदम पातळ थर असतो, ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो परत तयार होतो. क्लोराईड तो थर बारीक बारीक ठिकाणी फोडतं, तिथे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, आणि मॉलिब्डेनम असलं की ते फुटणं बरंच लांबतं.

लोहचुंबकाची ट्रिक सगळे सांगतात, ती अर्धीच खरी आहे. चुंबक घट्ट चिकटला तर माल परत करा, तो मुलामा दिलेलं लोखंड तरी आहे किंवा ४१० नाहीतर ४३० ह्या चुंबकीय ग्रेडचं स्टेनलेस तरी आहे, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बहुतेक ४१० चेच असतात कारण ते कडक लागतात. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे ३१६ आहे असं नाही, २०२ लाही चिकटत नाही. आणि उलट चांगल्या ३०४ च्या स्क्रूलाही जरासा ओढतो, कारण स्क्रू दाबून बनवताना धातू थोडा चुंबकीय होतो. त्यामुळे चुंबक फक्त वाईट माल बाहेर काढायला, चांगला ओळखायला नाही. नट-बोल्टच्या डोक्यावर बघा, ए२-७० लिहिलं असेल तर ३०४ च्या घरातलं, ए४-७० किंवा ए४-८० लिहिलं असेल तर ३१६ च्या. लाकडाच्या बारीक स्क्रूवर बऱ्याचदा काहीच लिहिलेलं नसतं, तिथे मग दुकानदारावर विश्वास किंवा मॉली (मॉलिब्डेनम) टेस्टचं किट, भंगारवाले वापरतात ते, थेंब टाकायचा आणि बॅटरी लावायची. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला जा, फास्टनरची दुकानंच दुकानं आहेत, तिथे "३१६ द्या, ए४ मार्किंगचं द्या" असं सरळ म्हटलं की माणूस तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो आणि आतून बरोबर डबा काढतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे ते मिळेल ही आशा ठेवू नका, त्याचा दोष नाही, त्याच्याकडे कोणी मागतच नाही.

मी एक टेस्ट घरीच केली आणि ती तुम्हीही करा असं कळकळीने सांगते, कारण पाच-दहा रुपयांच्या स्क्रूमध्ये सहा महिने वाचतात. थर्माकोलच्या तुकड्यात पाच-सहा प्रकारचे स्क्रू अर्धे खोचले, प्रत्येकाखाली एक वायसर, बाजूला नाव लिहिलं, आणि सकाळ-संध्याकाळ टँकचं पाणी स्प्रे बाटलीने मारून तसंच वाळू दिलं. पाण्यात बुडवून ठेवू नका, ओलं-कोरडं ओलं-कोरडं असंच व्हायला पाहिजे. मुलाम्याचा स्क्रू दुसऱ्याच दिवशी लाल, २०२ आठवड्याच्या आत, ३०४ ला दहा-बारा दिवसांनी डोक्याच्या खाचेत ठिपके, आणि ३१६ तीन आठवड्यांनी वरून स्वच्छ, पण वायसर काढून बघितलं तर खाली हलकी पिवळसर रिंग.

त्या पिवळसर रिंगेने मला खरा मुद्दा समजला, तोपर्यंत मी फक्त धातू बदलत बसले होते.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, आयुष्यभर गोदीत फिटर होते. त्यांना मी कॅनोपी दाखवली, तर ते बिजागरी बघायच्या आधी आतून हात फिरवून बघत म्हणाले, "अगं, इथे सुकतच नाही की काही. जहाजाचं पत्रं पाण्याखाली एवढं नाही सडत, जिथे लाट येऊन उडते ना, कधी ओलं कधी कोरडं, तिथे आधी सडतं. तू बिजागरी बरोब्बर तिथेच लावलीयस." आणि खरंच, माझी बिजागरी पाण्यापासून पाच इंच वर, रिटर्न पाईपच्या (संप म्हणजे खालच्या टाकीतून पाणी परत वर आणणारा) अगदी डोक्यावर होती.

हे असं का होतं ते नंतर वाचून जुळवलं. पाण्याखाली मीठ ३५ पीपीटी म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅमच राहतं. वर उडालेला थेंब मात्र वाळत जातो तसा दाट होत जातो, म्हणजे बिजागरीवरचं पाणी टँकच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट, शिवाय पातळ थर असल्याने ऑक्सिजन भरपूर. आणि ते पूर्ण वाळतही नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते आपण बघतोच, शुद्ध मिठाला हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की पाणी सुटतं. पण समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, आणि त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी सुटायला लागतं. मुंबईची हवा इतकी कोरडी असते कधी? आणि कॅनोपीच्या आत तर टँकमधून सतत वाफ येत असते. म्हणजे तुमच्या बिजागरीवरचा तो मिठाचा पांढरा थर वाळलेला दिसतो पण आतून चोवीस तास ओलसर असतो.

दुसरी गोष्ट फट. स्टेनलेसला तो संरक्षक थर परत बनवायला ऑक्सिजन लागतो म्हटलं ना, तर स्क्रूच्या डोक्याखाली, वायसरखाली, बिजागरीच्या नळीत पिनेभोवती खारं पाणी अडकून बसतं आणि तिथला ऑक्सिजन संपतो. म्हणून उघड्यावर चकचकीत दिसणारा ३१६ चा स्क्रूसुद्धा फटीत सडू शकतो. आणि बिजागरी ही वस्तूच मुळात फटींची बनलेली असते, त्यामुळे कितीही भारी धातू आणा, त्या जागी लावलात तर फक्त तारीख पुढे ढकलली जाते.

तेव्हा चौथ्या वेळी मी उलटा विचार केला. आधी धातू त्या जागेवरून हलवायचा, जिथे हलवता येत नाही तिथे प्लास्टिक, आणि प्लास्टिकला वजन झेपत नाही तेवढ्याच ठिकाणी ३१६.

पहिलं काम, उडणारं पाणीच कमी केलं. रिटर्नचं तोंड पाण्याच्या वर अर्धा इंच होतं, ते खाली घेतलं (सायफन ब्रेकचं, म्हणजे पाणी उलटं खाली ओढलं जाणं थांबवणारं, भोक मात्र पाण्याच्या लेव्हलला ठेवा नाहीतर लाईट गेल्यावर संप भरून वाहील), आणि बुडबुडे सोडणारा एअर स्टोन काढून टाकला. बुडबुडा फुटतो तेव्हा बारीक बारीक थेंब बरेच वर उडतात, डोळ्याला दिसतही नाहीत, पण झाकणाला आतून हात लावला की बोटं खारट. फक्त एवढ्याने मिठाचा थर धरण्याचं प्रमाण माझ्याकडे अर्ध्याहून कमी झालं असेल.

मग पंखे. दोन १२ व्होल्टचे कॉम्प्युटरवाले पंखे होते, ते आतली हवा बाहेर फेकायचे, म्हणजे सगळी खारी वाफ पंख्याच्या बेअरिंगमधूनच जायची, वर्षाला दोन पंखे खल्लास. ते उलटे फिरवले, आता बाहेरची हवा आत येते आणि मागच्या मोकळ्या खाचेतून निघून जाते. पाणी तेवढंच थंड होतं आणि पंखे अजून तेच चालू आहेत.

बिजागरी आता कॅनोपीच्या बाहेर, मागच्या कडेला आहे, आणि झाकणाची कड तिच्यावरून अर्धा इंच पुढे येते, म्हणजे आतलं घरंगळणारं पाणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. स्क्रू बाहेरून आत मारलेत आणि त्यांची टोकं प्लायच्या आतच संपतात, आरपार गेलेला एकही नाही. हे बघाच, १२ एमएम प्लायला १५ एमएमचा स्क्रू मारला की दोन-तीन एमएम टोक आत बाहेर येतं, ते दिसत नाही आणि तिथूनच ओघळ सुरू होतो. माझ्या पहिल्या कॅनोपीचे निम्मे डाग बिजागरीचे नव्हतेच, ह्या टोकांचे होते.

बिजागरी नायलॉनची. बाथरूमच्या पीव्हीसी दरवाजांना लागतात तसल्या घेतल्या, पण त्यात एक गोम आहे, बाहेरून सगळं प्लास्टिक दिसतं आणि आत पिन लोखंडाची. घेतानाच पिन ठोकून बाहेर काढून बघा, निदान चुंबक तरी लावा. मी ती पिन काढून तिथे ३१६एल ची वेल्डिंग रॉड घातली, टिग वेल्डिंगला वापरतात ती सरळ तार, २.४ आणि ३.२ एमएममध्ये मिळते, मीटरभर लांबीची असते, म्हणजे एका तारेत कॅनोपीच्या सगळ्या पिना होतात आणि वर उरते. कापून टोकं कानशीने गोल केली. टोकं नायलॉनच्या पातळीच्या आत ठेवून वर ऍराल्डाइटचा (एपॉक्सी गोंद) थेंब, म्हणजे मीठ आत जायला वाटच नाही. हलकं झाकण असेल तर पिन फायबरची किंवा कडक प्लास्टिकची सुद्धा चालते. नायलॉन पाणी पिऊन किंचित फुगतं, म्हणून पिनेचं भोक अगदी टाईट नको, जरा सैल पाहिजे. आणि मेटल हॅलाइडसारखा तापणारा लाईट असेल तर प्लास्टिक त्याच्या बाजूला नको, तडकतं. एलईडीला काही होत नाही.

नायलॉनचे स्क्रू मी फक्त स्प्लॅश गार्ड आणि फीडिंगच्या छोट्या झाकणाला वापरले. जिथे वजन लटकतं तिथे अजिबात नको. लाईट पाण्यात पडणं हा गंजाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे, खारं पाणी वीज फार छान वाहून नेतं. लाईटचं ब्रॅकेट ३१६ च्या बोल्टने आणि मोठ्या वायसरने आरपार कसलंय, शिवाय एक वेगळी नायलॉनची दोरी सेफ्टीला, आणि टँकच्या लाईनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. हे नसेल तर बिजागरीच्या आधी ते करा.

लाईटवरून आठवलं, एलईडीचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला स्टेनलेसचा स्क्रू लावला की दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे चक्क बॅटरीच झाली, त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर ती नेहमी मीठच असेल असं समजू नका, बोटाने चुरगाळून पाण्यात टाका, विरघळली नाही तर ते ॲल्युमिनियमचं सडणं आहे. मी तिथे नायलॉनची वायसर आणि स्क्रूला नायलॉनची छोटी नळी घातली, म्हणजे दोन धातू एकमेकांना शिवतच नाहीत.

आता स्क्रू बसवण्याची पद्धत, इथे मी पूर्वी घाई करायचे. ४ एमएमच्या स्क्रूला आधी ६ एमएमचं भोक पाडलं, त्यात ऍराल्डाइट भरलं, पूर्ण सुकू दिलं, आणि मग त्या ऍराल्डाइटमध्येच पावणेतीन-तीन एमएमचं भोक पाडून स्क्रू मारला. बोटी बनवणारे असंच करतात. स्क्रू लाकडात बसतच नाही, प्लास्टिकच्या खोबणीत बसतो, त्यामुळे पाणी गेलं तरी प्लाय फुगत नाही आणि स्क्रू सैल होत नाही. सागाची पट्टी वापरत असाल तर ऍराल्डाइट लावायच्या आधी ॲसिटोनने पुसा, सागाला तेल असतं, नाहीतर गोंद नीट धरत नाही. प्लायच्या कापलेल्या कडांना तर दोन हात एपॉक्सी मस्टच.

स्क्रू फिरवायचा बिट साध्या लोखंडाचा असतो, तो खाचेत घासला की लोखंडाचा कण स्टेनलेसवर चिकटून राहतो आणि तो आधी गंजतो, आपल्याला वाटतं ३१६ पण फसवं निघालं. म्हणून मी स्क्रू बसवल्यावर एकेक काढून लिंबूफुलाच्या पाण्यात ठेवले, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला १०० ग्रॅम, पाणी साठेक डिग्री गरम, काचेच्या भांड्यात अर्धा तास, त्याआधी साबणाने तेल काढून. नंतर आरओच्या पाण्याने धुऊन सुकवले आणि ह्या वेळी हाताच्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच बसवले. ह्याने वरचे लोखंडाचे कण निघून जातात आणि स्टेनलेस स्वतःचा थर नीट बनवतं. खूप कटकट वाटेल पण चोवीस स्क्रूंना एक दुपार लागली. आणि एसएसचे नट-बोल्ट मशीनने धाडकन आवळू नका, आटे एकमेकांत चावतात आणि मग ना मागे ना पुढे, कापूनच काढावा लागतो. जरासं सिलिकॉन ग्रीस लावा. डब्ल्यूडी-४० किंवा मशीनचं तेल टँकच्या वर अजिबात नको, एक थेंब पडला तरी पाण्यावर तवंग येतो.

झाकण उघडं राहायला कोणी गॅस पंप लावायला सांगेल, किचनच्या वरच्या कपाटाला असतो तो. नको. त्याचा दांडा गंजतो, मग सील फाटतं आणि आतलं तेल नेमकं खाली पाण्यात. मी सरळ पीव्हीसी पाईपचा तुकडा टेकू म्हणून लावते, जुन्या पेटीला असायचा तसा. बंद राहायला मॅग्नेट हवं असेल तर चकचकीत उघडं मॅग्नेट घेऊ नका, ते निकेलचा मुलामा फुटला की आतून भुगा होतं, पूर्ण प्लास्टिकमध्ये बंद असलेलं घ्या. खरं तर झाकणाचं वजन पुरतं, मॅग्नेट लागतच नाही. टायटॅनियमबद्दल विचाराल तर हो, ह्या कामाला त्याच्याहून चांगलं काही नाही, बाईकवाल्यांकडे एम५, एम६ चे बोल्ट मिळतात, पण महाग, त्यामुळे दोन-चारच लागणार असतील तर घ्या.

ह्या सगळ्याला आता चौदा महिने झाले. दर रविवारी पाणी बदलताना आरओच्या पाण्यात फडकं भिजवून बिजागरी, बोल्टची डोकी आणि झाकणाची आतली बाजू पुसते, मग कोरड्या फडक्याने, पाच मिनिटांचं काम. ब्लीच, हार्पिक, बाथरूमचं ॲसिड असलं काही लावू नका, त्यात क्लोरीन किंवा क्लोराईडच असतं, स्टेनलेसची वाट लागते.

अजून दोन स्क्रू बाकी आहेत. पंख्यांच्या ब्रॅकेटला जुने ३०४ चे दोन स्क्रू तेव्हा तसेच राहिले, बाहेरून हवा येते तिथे म्हणून मी दुर्लक्ष केलं, गेल्या आठवड्यात एकाच्या डोक्याखाली ती पिवळसर रिंग दिसली. ३१६ चे दोन आणून लिंबूफुलातून काढून ठेवलेत, ह्या रविवारी पाणी बदलायच्या आधी, पंखे बंद करून आणि खाली पाण्यावर टॉवेल अंथरून, ते बदलते.